चावीचं घड्याळ वेळेवर कसं आणायचं

रोज सकाळी पावणेसातला मी ओट्यावर बसतो, एका हातात मोबाईल अन् दुसऱ्या हातात आबाजींचं एचएमटी जनता, सेकंदाचा काटा बारावर यायची वाट पाहत. दूध घेऊन जाणारे, शेतात निघालेले, सगळे थांबून पाहतात. "काहून बे, मोबाईलात टाइम दिसत नाई का तुले?" हे आतापर्यंत निम्म्या गावानं विचारून झालंय. दिसतो ना बाप्पा, दिसतो म्हणूनच तर कळलं का आबाजींचं घड्याळ काल सात सेकंद पुढे पळालं.

या नादात नवीन पडलेले दोन-तीन पोट्टे हल्ली मला विचारत राहतात का दादा सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला, इथं घड्याळाचं मोठं दुकान नाही का शिकवणारा नाही, त्यामुळे जे लिहितोय ते घरी बसून, चुका करून शिकलेलं आहे.

पहिले थोडा हिशोब करू. दिवसात ८६,४०० सेकंद. जनतासारखं जुनं मशीन सेकंदाला ५ ठोके टाकतं, म्हणजे दिवसाचे ४ लाख ३२ हजार. दिवसाला १० सेकंद चुकलं म्हणजे त्यातले फक्त ५० ठोके इकडचे तिकडे झाले. कापसाच्या भाषेत सांगायचं तर क्विंटलमागे अकरा-बारा ग्रॅमचा फरक. आता तुम्हीच सांगा राजेहो, असा काटा कोणत्या व्यापाऱ्याकडे पाहिला तुम्ही? अन् हे काम एक गुंडाळलेली पत्ती, चार-पाच चाकं अन् केसासारखी बारीक स्प्रिंग करते, सेल नाही, चिप नाही. ज्याला यात मजा वाटली त्यानं पुढे वाचा. नसेल वाटली तर साधं सेलवालं क्वार्ट्झ घ्या, ते महिन्याला पंधराएक सेकंदापेक्षा जास्त चुकत नाही अन् कोणी तुम्हाला ओट्यावर येडा म्हणत नाही.

घड्याळ कोणतं घ्यायचं

विकत घ्यायच्या आधी घर शोधा. खरंच सांगतो. आपल्याकडे कोणाच्या ना कोणाच्या लग्नात, नोकरी लागल्यावर, रिटायरमेंटला एचएमटी मिळालेलंच असतं अन् ते कपाटात जुन्या सातबाऱ्याखाली पडलेलं असतं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगलोरला एचएमटीचा घड्याळाचा कारखाना सुरू झाला, २०१६ मध्ये सरकारनं घड्याळाचं काम बंद करायचं ठरवलं, मधल्या काळात अर्ध्या देशाच्या मनगटावर तेच होतं. जनता, पायलट, कोहिनूर, ही सगळी साधी चावीची घड्याळं, मशीन मजबूत, पार्ट अजून मिळतात अन् कोणताही जुना कारागीर डोळे झाकून खोलतो. शिकायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर जपून. लाल, हिरव्या, भडक निळ्या डायलची चकचकीत एचएमटी स्वस्तात दिसतात, ती बहुतेक नव्यानं रंगवलेल्या डायलची अन् दहा घड्याळांचे पार्ट जोडून बनवलेली असतात, शौकीन लोक त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. अक्षरं जाड-फुगीर छापलेली, काटे डायलला न शोभणारे, मागचं झाकण वेगळ्याच मॉडेलचं, असं दिसलं तर सोडून द्या. दिसायला सुंदर असते म्हणा ती, पण आपल्याला टाइम पाहिजे.

ऑटोमॅटिकही चालतं, पण नवीन माणसाला त्यात एक भानगड होते, हात किती हलला त्यावर चावी किती भरली हे ठरतं, म्हणजे फवारणीच्या दिवशी घड्याळ फुल अन् घरी लोळत पडलेल्या दिवशी अर्धं, मग मोजमापात काय कशामुळे झालं ते समजत नाही. आजकाल कितीतरी घड्याळांत सेकोचं एनएच ३५ मशीन येतं, त्याला कंपनी स्वतःच दिवसाला ४० सेकंद पुढे ते २० सेकंद मागे एवढी सूट देते, त्यामुळे नवीन घड्याळ २५ सेकंद पुढे पळालं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

बरोबर टाइम म्हणजे कोणाचा

आमच्याकडे जुने लोक सावली पाहून दुपार सांगतात अन् घड्याळाशी ती जुळत नाही म्हणून घड्याळाला नावं ठेवतात. दोघंही बरोबर असतात. भारताचा टाइम साडेब्याऐंशी अंश रेखांशावरचा आहे, अन् यवतमाळ त्याच्या पश्चिमेला सव्वाचार अंशांपेक्षा जास्त, एका अंशाला ४ मिनिटं या हिशोबानं आपला सूर्य घड्याळाच्या सतरा-अठरा मिनिटं मागे चालतो. वर्षभरात त्यातही मागेपुढे होतं. म्हणून सूर्यावर घड्याळ लावू नका.

देशाचा अधिकृत टाइम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांवर सांभाळते. आपल्याला तिथपर्यंत जायची गरज नाही, मोबाईलात तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा अन् सेकंद दाखवणारं घड्याळ उघडा, एवढं पुरे. फक्त मोबाईल रोज तोच वापरा. अन् रेडिओवर बातम्यांच्या आधीचं टूं-टूं ऐकून लावायची सवय असेल तर ते खऱ्या रेडिओवर ऐका, मोबाईलातल्या अ‍ॅपवर तोच आवाज काही सेकंद उशिरा येतो. मी पहिला आठवडाभर हेच करत होतो, घड्याळ एकाच दिवशी पुढेही पळतंय अन् मागेही पडतंय असं दिसायचं, डोकं फिरलं होतं.

वही करा

हे सगळ्यात महत्त्वाचं अन् हेच कोणी करत नाही. सगळ्यांना पहिल्याच दिवशी घड्याळ खोलायचं असतं.

एक दहा रुपयाची वही घ्या. सकाळी ठरलेल्या वेळी घड्याळाचा सेकंद काटा बारावर आला का त्याच क्षणी मोबाईलचे सेकंद पाहा अन् फरक लिहा. पुढे असेल तर अधिक, मागे असेल तर वजा. नजर चुकते असं वाटत असेल तर दोन्ही बाजूबाजूला ठेवून दुसऱ्या फोननं फोटो काढा, मात्र सरळ वरून, तिरप्या फोटोत काटा एखाद सेकंद सरकलेला दिसतो. चावी ओढल्यावर जनताचा सेकंद काटा बहुतेक थांबत नाही, त्यामुळे ते मोबाईलशी अगदी शून्यावर लावायच्या फंदात पडू नका. सुरुवातीलाच ८ सेकंद पुढे असेल तर वहीत +८ लिहा अन् तिथून मोजा. अन् एकदा मोजायला लागले का मध्ये काटे हलवायचे नाहीत, निदान दहा दिवस तरी.

माझ्या वहीतलं पहिलं पान असं आहे: सोमवार ०, मंगळवार −२३, बुधवार −४५, गुरुवार −६९, शुक्रवार −९१. मी हिरमुसलो होतो, चार दिवसांत दीड मिनिट मागे! तेव्हाच माझ्या मामेभावानं त्याचं एक जुनं घड्याळ आणलं, त्याचा रोजचा फरक पहिल्या दिवशी +४, मग −१८, मग +२१, मग −६. चार दिवसांची बेरीज करा, फक्त १ सेकंद पुढे. तो गावभर सांगत फिरला का माझं घड्याळ तुझ्यापेक्षा भारी.

भारी माझंच होतं. २३, २२, २४, २२, रोज जवळपास तेवढंच मागे. असं घड्याळ म्हणजे रोज बरोबर पाव तास उशिरा येणारा गडी, त्याला पाव तास लवकर बोलावलं का काम झालं. मामेभावाचं घड्याळ कधी पहाटे येणारा तर कधी दुपारी उगवणारा, त्याच्यावर ओलिताची पाळी ठेवता येते का? मागे-पुढे पळणं आतल्या फास्ट-स्लोच्या एका दांडीनं सुधारतं, रोज वेगळं वागणं सुधारत नाही, त्याच्या आत काहीतरी घाण, झीज, नाहीतर सुकलेलं तेल असतंच. म्हणून आकडा मोठा आहे का लहान हे पाहायच्या आधी तो रोज तोच येतो का ते पाहा. मामेभावाला हे पटलं नाही, तो भाग वेगळा.

चावी

रोज एकाच वेळी द्या. सकाळी द्या, म्हणजे दिवसभर हाताचे धक्के बसतात तेव्हा चावीच्या गुंडाळलेल्या पत्तीत पूर्ण ताकद असते. जुनं चावीचं मशीन एकदा भरलं का साधारण दीड दिवस चालतं, पण शेवटच्या तासांत ताकद उतरते अन् चाल बदलते. "जास्त चावी दिली का घड्याळ खराब होते" असं सगळे म्हणतात, त्यात अर्धंच खरं आहे, चावी घट्ट लागली का थांबा, त्यापुढे जोर लावू नका, बस. घाबरून अर्धीच देणारे लोक उलट स्वतःचंच मोजमाप बिघडवतात. अन् हातातून काढून द्या, मनगटावर असताना दिली तर चावीची दांडी तिरपी ताणली जाते.

रात्री कसं ठेवता

हे मला लय उशिरा कळलं. घड्याळ आडवं असलं तर बॅलन्सचं चाक, म्हणजे झोके घेऊन टाइम मोजणारं चाक, आपल्या बारीक टोकावर फिरतं, घर्षण कमी. उभं असलं तर टोकाची बाजू घासते, झोका लहान होतो, चाल बदलते. चाकाचं वजन एका बाजूला जरासं जास्त असेल तर उभ्यात ते आणखीच दिसतं. १८०१ मध्ये ब्रेगे नावाच्या घड्याळवाल्यानं याच्यावर उपाय म्हणून सगळा बॅलन्सच गोल फिरत राहील अशी टूर्बियाँ नावाची रचना पेटंट केली, खिशातल्या उभ्या घड्याळासाठी, अन् आज लोक त्याला लाखो रुपये मोजतात. आपलं काम फुकटात होतं.

वहीत आणखी एक रकाना करा. तीन रात्री डायल वर करून ठेवा, तीन रात्री चावी खाली करून, तीन रात्री चावी वर करून, अन् संध्याकाळी काढताना अन् सकाळी घालताना दोन्ही वेळी फरक लिहा. प्रत्येक घड्याळाचं उत्तर वेगळं येतं, त्यामुळे माझं पाहून करू नका. माझ्यात असं निघालं का डायल वर ठेवलं तर रात्रीत जवळपास काही फरक नाही अन् उभं टांगलं तर ४ सेकंद मागे. आबाजी ते आयुष्यभर गोठ्याच्या खुंटीला टांगत. आता दिवसा ते थोडं पुढे पळालं असेल तर रात्री खुंटीला अन् नसेल तर फळीवर, एवढ्यावर माझा महिना निघतो, पेचकस लागत नाही.

चुंबक

घड्याळ एकाएकी दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे पळायला लागलं तर पहिला संशय चुंबकावर घ्या. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे त्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते, बॅलन्स घाईघाईनं फिरतो. घरात चुंबक कुठं कुठं असतो ते पाहा: स्पीकर, मोबाईलचं झाकणवालं कव्हर, फ्रिजचं दार, टॅब, पर्सचं बटन.

माझं असं झालं. चुलत बहिणीच्या लग्नात घड्याळ काढून डीजेच्या मोठ्या डब्यावर ठेवलं अन् जेवायला बसलो. दुसऱ्या दिवशी सहा मिनिटं पुढे. घाबरून तालुक्याच्या एका दुकानात नेलं, त्या माणसानं काही न विचारता मागचं झाकण उघडलं अन् फास्ट-स्लोची दांडी पार टोकाला ढकलून दिली. टाइम आला बरोबर! मी खूश, पैसे दिले. मग दोन महिन्यांनी डीमॅग्नेटायझर मागवला, चुंबक काढला, अन् घड्याळ दिवसाला सहा मिनिटं मागे पडायला लागलं. आजार वेगळा होता अन् इंजेक्शन दुसऱ्याच ठिकाणी दिलं होतं.

तपासायला साधं सुईचं होकायंत्र आणा, जत्रेत मिळतं तसलं. घड्याळ चालू असताना जवळ न्या. सुई जरा ओढली गेली तर चालतं, घड्याळाचं बाहेरचं कवच स्टीलचं असू शकतं, पण ठोक्याबरोबर थरथरायला लागली तर समजायचं स्प्रिंगला लागलंय. डीमॅग्नेटायझरचा छोटा निळा डबा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. घड्याळ त्यावर धरा, बटन दाबा, अन् बटन दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूहळू हातभर दूर न्या, मग सोडा. जवळ असतानाच बटन सोडलं तर उलटं आणखी चुंबक भरतो. लाइन जाते तेव्हा करू नका, मध्येच गेली तर तेच होतं. हे अनुभवावरून.

ऊन

आता आपलं खास दुखणं. साध्या स्टीलची हेअरस्प्रिंग गरम झाली का मऊ पडते, अन् पूर्वीच्या घड्याळांत दर एका डिग्रीला दिवसाला दहाएक सेकंद मागे पडायचं. म्हणजे नवतपात काय झालं असतं तुम्हीच हिशोब करा. घड्याळवाल्यांच्याच घरातल्या शार्ल गीयोम नावाच्या माणसानं निकेल अन् लोखंडाचे असे मिश्रधातू शोधले का उष्णतेनं फारसं बदलतच नाही, अन् त्याला १९२० चं फिजिक्सचं नोबेल त्याच कामासाठी मिळालं. नंतरच्या स्प्रिंगा त्याच वळणावर बनत गेल्या, म्हणून आज मे महिन्यातही आपलं घड्याळ कामाचं राहतं.

स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं, म्हणजे पक्क्या टाइमाच्या घड्याळाचं, सर्टिफिकेट द्यायच्या आधी मशीन पंधरा दिवस तपासतात, पाच पोझिशनमध्ये अन् तीन तापमानांत: ८, २३ अन् ३८ डिग्री. सरासरी दिवसाला −४ ते +६ च्या आत पाहिजे. त्यांची सगळ्यात कडक उन्हाची परीक्षा ३८! आपल्याकडे तो मार्च असतो.

हातात असताना घड्याळ तसं शरीराच्या आसऱ्याला असतं, खरा त्रास काढून ठेवल्यावर. ट्रॅक्टरच्या बोनटवर, गाडीच्या डॅशबोर्डवर, टिनाच्या खोलीत खिडकीपाशी ठेवू नका. चाल बदलते ते बदलते, आतलं तेल पातळ होऊन जिथं पाहिजे तिथून सरकतं, अन् ते परत येत नाही. मे महिन्याच्या नोंदी मी वेगळ्या पानावर लिहितो अन् त्या पाहून दांडीला हात लावत नाही, जूनपर्यंत थांबतो.

खोलायचं कधी

वही पंधरा दिवसांची झाली, चुंबक नाही, चावी नियमित, तरी रोज वीस-पंचवीस सेकंद एकाच बाजूला, आता खोला. पण घड्याळाची सर्व्हिस पाच-सात वर्षांत झालीच नसेल तर आधी सर्व्हिस करून घ्या. सुकलेल्या तेलावर दांडी फिरवणं म्हणजे पंक्चर चाकात अलाइनमेंट करणं. कारागिराला एकच प्रश्न विचारा, सगळं खोलून धुता का नुसतं तेल टाकता? मशीन अख्खंच्या अख्खं पेट्रोलात बुडवून, हलवून, वर दोन थेंब तेल सोडून देणारे आहेत, तिथून घड्याळ घेऊन निघा.

त्याच्याकडे टाइमग्राफर असेल तर उत्तम, ते यंत्र ठोक्याचा आवाज ऐकून आकडे देतं. मोबाईलची अ‍ॅपही असतात, वायरवाल्या इअरफोनचा माइक घड्याळाच्या पाठीला लावून रात्री शांत असताना करा, पंखा बंद. तीन आकडे पाहा. रेट म्हणजे दिवसाला किती पुढे-मागे. अ‍ॅम्प्लिट्यूड म्हणजे बॅलन्स किती अंश झोका घेतो, नवीन घड्याळ पूर्ण चावीवर, आडवं असताना २७० च्या वर असतं, जुन्या एचएमटीत २४० आलं तरी मी खूश, २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसशिवाय पुढे जाऊ नका. बीट एरर म्हणजे टिक अन् टॉक मधलं लंगडणं, ते एक मिलिसेकंदाच्या आत असलं का सोडून द्या.

दांडी स्वतः फिरवायची असेल तर: जेवणाचं टेबल नाही, पांढऱ्या कापडावर बसा, पंखा बंद, भिंग डोळ्याला. अधिक-वजाची खूण असलेली दांडी बॅलन्सच्या वर दिसते. काही मशीनमध्ये तिथं दोन दांड्या असतात, दुसरीनं बीट एरर बदलतो, ती कोणती ते ओळखल्याशिवाय हात नको. लोखंडी पेचकस नको, टूथपिक घ्या, एखाद वेळी सटकलं तर स्प्रिंग वाचते. अन् किती सरकवायची? दिसेल इतकीही नाही. मी पहिल्यांदा केसाइतकी सरकवली तर दिवसाला −२३ चं +६० झालं. परत मागे, परत पुढे, आठ दिवस तेच. एकदा हलवलं का झाकण लावा, चोवीस तास घाला, वही पाहा, मग पुन्हा.

किंचित पुढे पळणारं ठेवा, +५ ते +१० च्या मध्ये. तेल जुनं होत जातं तशी चाल बहुतेक मागे येते, तेवढी जागा राहते. माझं +७ वर थांबलंय अन् मी आता झाकणाला हात लावत नाही. +७ चं +२ करायच्या नादात मित्रानं हेअरस्प्रिंगच वाकवली, ते घड्याळ अजून डबीत आहे.

एक राहिलंच. पाऊस सुरू झाला का जुनं एचएमटी घालून फवारणीला जाऊ नका, पोळ्याला बैल धुताना तर नाहीच, चाळीस वर्षांच्या रबराच्या रिंगेवर भरवसा नको. काचेच्या आत वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात वगैरे ठेवू नका, उन्हातही नको. त्याच दिवशी कारागिराकडे न्या अन् झाकण उघडून घ्या. दुसऱ्या दिवसापर्यंत स्टीलच्या पार्टवर गंज धरलेला असतो, अन् गंज लागलेल्या घड्याळाची वही कोणी लिहीत नाही.